आपल्या नावानं कोण लिहितं?

कानाच्या दवाखान्यात दाराशीच बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीताई म्हणत. कुणाची सून रुसली, कुणाच्या मांजरीला किती पिल्लं झाली, सगळं त्यांना ठाऊक. वीस वर्षांत त्यांनी एकदाच चौकशी केली नाही, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

एका गर्दीच्या सकाळी शिंपीकाका फोनवरचं ईमेल दाखवायला आले. 'तुमच्या कानातल्या यंत्रांत दोष आढळला आहे, ती पुढील पत्त्यावर पाठवा.' बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "आमच्या नावानं आलंय ना? मग आमचंच." काकांनी दोन्ही यंत्रं पाठवली, ती गेली ती गेलीच. पत्र भामट्याचं होतं. काका भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हसले, आणि बाईंना आठवडाभर घास गोड लागला नाही.

ज्याला ऐकू येत नाही त्याला फोन करून काय उपयोग? म्हणून इथला सगळा कारभार ईमेलवर. चोरानं तीच वाट धरली होती.

बाईंनी जावयाला गाठलं. तो संगणकातला. "आई, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहू शकतं, तसंच हे," तो म्हणाला. त्यानं दवाखान्याच्या डोमेनच्या, म्हणजे ईमेलच्या पत्त्यातल्या नावाच्या, नोंदींत जगभरच्या ईमेल कंपन्यांसाठी एक ओळ घातली: आमच्या नावानं आलेली पत्रं कुठल्या सर्व्हरवरून आली, किती आली, सर्व्हर आमच्या परवानगीचा आहे का या खरेपणाच्या तपासणीत पास झाली की नापास, ते रोज कळवा. "सध्या नुसतं बघायचं. मग नापास पत्रं अडवायला सांगू."

"म्हणजे जगभरचे टपालवाले रोज माझ्याकडे चहाड्या करणार?" बाईंची कळी खुलली.

अहवाल येऊ लागले. जावयानं त्यांचा तक्ता करून दिला आणि बाई चहा थंड होईपर्यंत त्यात बोट फिरवत बसू लागल्या. एका परक्या सर्व्हरवरून रोज शेकड्यांनी पत्रं, सगळी नापास. भामटा तो हाच.

"ताई, चोर सापडला ना? मग आजच अडवा सगळं नापास," डॉक्टर म्हणाले.

"अजून एक ओळ आहे हो. नापासच, पण रोज मोजकीच पत्रं. रविवारी एकही नाही. चोर कधी रविवारची सुट्टी घेतो का?"

"शुक्रवारपर्यंत शोधा. तोवर आणखी कुणाची यंत्रं गेली तर?"

 दुसरे शिंपीकाका बाईंना परवडणारे नव्हते. पण ती ओळ काही स्वस्थ बसू देईना. त्यांनी भेटींची वही काढून तारखा लावून पाहिल्या. मोठ्या माणसांचे आकडे जुळेनात. मग तान्ह्या बाळांची तपासणी पाहिली. मंगळवारी तीन, बुधवारी एक, गुरुवारी चार. तक्त्यातही तीन, एक, चार!

बाई तडक तपासणीच्या खोलीत घुसल्या. तिथल्या यंत्रातच कुणीतरी सहा वर्षांपूर्वी 'निकाल पालकांना पाठवा' यावर खूण करून ठेवली होती. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून ते इमानेइतबारे दवाखान्याच्या नावानं पत्रं धाडत होतं, आणि कुणाच्या लक्षातही नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

डॉक्टर खुर्चीत बसले. "आजच अडवलं असतं तर निकाल पोचलेच नसते. आईबापांना वाटलं असतं, काही कळवलं नाही म्हणजे बाळाला ऐकू येतंय."

जावयानं त्या कंपनीच्या सर्व्हरला रीतसर परवानगी दिली. ती ओळ पास झाली आणि मगच अडवण्याचा हुकूम सुटला. पुढच्या अहवालात भामट्याची दोनशे चौदा पत्रं होती, सगळी दारातूनच माघारी. बाईंनी तो कागद छापून खणात ठेवला.

महिन्याभरानं शिंपीकाका आले. कान अजून रिकामेच. भीत भीत त्यांनी फोन पुढे केला. नवी यंत्रं तयार आहेत, घेऊन जा, असं पत्र होतं. "हे तुमचंच का?"

दवाखान्यात त्याही दिवशी गर्दी होती. बाईंनी पत्ता अक्षर न् अक्षर वाचला, पाठवलेल्या पत्रांच्या यादीत हेच पत्र शोधून काढलं. मग उठून काकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना ओठ दिसतील अशा बेतानं सावकाश म्हणाल्या, "हो काका. आमचंच."