आंब्याला कैरी धरायच्या आधीचं ऊन

मोहफुलांचा वास आला की मले तो फागुन आठवतो. माझं लग्न नुकतंच झालं होतं. होळी व्हायची होती, पहाटे गोधडी लागत होती, अन् दुपारी एकाएकी वैशाखासारखं ऊन पेटलं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही फागुनात असं ऊन पाहिलं नव्हतं. मोह वेचता वेचता माझी बायको टोपलीसकट खाली पडली. मी तिले खांद्यावर टाकून घरी आणली. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाई. शेजारीण म्हणाली, "फागुनात कुठी ऊन लागते का? नवी नवरी हाय, नखरे करून राह्यली." माझी माय ओरडली, "बाई, हात लावून पाहा अन् मंग बोला! पन्हं पाजलं असतं, पण कैरी कुठून आणू? आंब्याले नुसता मोहर हाय!" माझा बाप पाण्यासाठी माठ धुंडाळू लागला. घरात प्यायचं पाणी संपलेलं. होळीच्या रंगासाठी मोठ्या मडक्यात पळसाची फुलं भिजत घातली होती, ते अख्खं मडकं मी तिच्यावर ओतलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, केशरी झालेलं लुगडं पाहिलं अन् मले म्हणाली, "डोकं फिरलं काय तुमचं? माहेरचं एकच लुगडं होतं!" सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. माय हसता हसता रडली. तेव्हापासून बायको जी बोलत राहिली ती यंदाच्या पौषापर्यंत. घर इतकं चूप राहू शकते, हे मले ठाऊकच नव्हतं.