शाझियाच्या हातची गाडी

रोह्याजवळच्या वरसे गावात इरशाद मुकादमच्या घरापुढे एक पांढरी छोटी गाडी उभी असायची. इरशाद कुवेतला नोकरीला. एका सुट्टीत त्याने ती रोह्यातल्या एका बँकवाल्याकडून जुनी घेतली, महिनाभर पाहुण्यांकडे फिरवली आणि जाताना किल्ली बायकोच्या, शाझियाच्या हातात ठेवली. "अब्बांना पेणला न्यायला लागंल. शिकून घे," एवढंच म्हणाला.

अब्बा म्हणजे त्याचे वडील, सईदभाई. रोह्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. किडनी गेल्या तसं दुकानही गेलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पेण गाठायचं, म्हणजे नागोठणं, मग वडखळचा तो खोळंबा, मग पेण. शाझिया शिकली. वरशातल्या बायकांत तेव्हा गाडी चालवणारी ती एकटीच होती, त्यामुळे सुरुवातीला लोक बघायला उभे राहत. नंतर कंटाळले.

पहिल्या वर्षी गाडी गॅरेजला जायची. गॅरेजवाला वाईट नव्हता, त्याच्याकडे गाड्या जास्त आणि हात कमी. एकदा गाडी त्याच्याकडे अडकून राहिली आणि सईदभाईंना रिक्षा, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा असं पेणला न्यावं लागलं. परत येताना नागोठण्याच्या स्टँडवर ते बाकड्यावर आडवे झाले, उठेनात. शाझिया त्यांच्या डोक्याशी बसून राहिली. गाडीच्या पोटात काय असतं ते आपल्याला कळायला पाहिजे, असं तिच्या मनाने त्या बाकड्यावर घेतलं.

फोनवर व्हिडिओ बघून तिने आधी एअर फिल्टर बदलला. मग ऑइल, मग प्लग, मग ब्रेक पॅड. ब्रेक पॅडला तिचा अख्खा दिवस गेला. सईदभाई खुर्ची टाकून बाजूला बसत, हातात फोन धरून व्हिडिओ थांबव, चालू कर, एवढं काम करत. त्यांना गाडीतलं काही म्हणता काही कळत नव्हतं. कापड दोन बोटांत धरून ते कुठल्या गिरणीचं हे सांगायचे, पण बोल्ट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे त्यांना शेवटपर्यंत सांगावं लागलं.

"काय गो, सुटला का?"

"नाय अब्बा."

"मग र्‍हाऊ दे. चहा कर."

"चहा पिऊन सुटनार हाय का तो?"

मग ते हसायचे. डायलिसिसचे दिवस सोडले तर त्या घरात हसणं ऐकू यायचं ते गाडीपाशीच.

इरशादला ती फोनवर पुष्कळसं सांगायची. त्यालाही मजा वाटे. खोलीतल्या मित्रांना तो व्हिडिओ कॉलवर दाखवायचा, "हे बघा, आमची मॅडम. हात बघा, काळे झालेत." गॅरेजचा खर्च वाचतोय, तो अब्बांच्या औषधाला लागतोय, हेही त्याला ठाऊक होतं. चांगलं करतेस, असं त्यानेच सांगितलं होतं.

सगळं तिला नीट जमलं असं नव्हे. एकदा मेच्या उन्हात वडखळच्या गर्दीत गाडी तापली. रेडिएटरचा पंखा फिरेना. मागच्या सीटवर सईदभाई डायलिसिस होऊन गळून पडलेले. एका ट्रकवाल्याने पाणी दिलं, तासाभराने कसेबसे निघाले. बिघाड नेमका कुठे ते तिला सापडलं नाही, म्हणून तिने बॅटरीवरून थेट वायर ओढली, स्टिअरिंगच्या खाली रिक्षाला असतो तसा एक बटण-स्विच बसवला आणि तापमानाचा काटा वर चढला की हाताने पंखा चालू करायची सवय लावून घेतली. कायमचं काम नंतर करू म्हणाली, ते राहून गेलं. तसंच ऑइल काढायच्या बोल्टचं. तो तिने जास्त आवळला, आटे गेले. नळवाल्याची पांढरी टेप गुंडाळून तिने तो पुन्हा बसवला. थेंब थेंब गळायचा. ती दर महिन्याला ऑइल बघायची, कमी असलं की टाकायची. खाडीच्या हवेने दाराच्या खाली गंज धरला, तो घासून तिने ब्रशने रंग लावला. रंग पांढराच होता, पण गाडीचा पांढरा वेगळा.

सईदभाई गेले ते घरीच, पहाटेच्या नमाजाआधी. त्यानंतर इरशाद कायमचा परत आला. कंपनीने जुनी माणसं कमी केली होती. आयुष्यातली चांगली वर्षं परक्या उन्हात गेलेल्या माणसाला घरी आल्यावर काहीतरी मोठं, नवं दारात हवं असतं. त्याला मोठी गाडी हवी होती. जुनी विकायची ठरली.

पहिला आला तो निलेश, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा. सभ्य माणूस. गाडी सुरू केली, आवाज ऐकला, एक चक्कर मारून आला. त्याला पसंत पडलेली दिसत होती. शाझिया पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती.

"सर्व्हिसचं पुस्तक?" निलेशने विचारलं.

"होतं ना," इरशाद म्हणाला. "घराचं काम काढलं त्यात कुठं गेलं. सगळी सर्व्हिस शोरूमलाच हाय. बाहेर हात नाय लावला."

निलेश पुन्हा आत वाकला. "आणि हे स्टिअरिंगखाली बटण कसलं?"

इरशादने बटण बघितलं. त्याला ते काय आहे हे माहीतच नव्हतं. "ते... ते लाइटचं असंल," तो म्हणाला. निलेशने ते दाबलं आणि पुढे पंखा घरघरला. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले.

"पंख्याचं आहे," शाझिया दारातून बोलली. "मी बसवलंय."

"तुम्ही?"

"व्हय. ऑइल, प्लग, ब्रेक, सगळं मीच करते. ऑइलचा बोल्ट थोडा गळतो, तो तेवढा बदलून घ्या."

तिला वाटलं होतं, खरं कळल्यावर त्याला भरवसा येईल. गाडी कुणी सांभाळली, कशी सांभाळली, सगळं समोर आहे. निलेशने ग्लास घेतला, पाणी प्यायला आणि इरशादकडे बघून हसला. टवाळीचं नव्हतं ते, अवघडल्याचं होतं. "घरी विचारून सांगतो," म्हणाला. फाटकाबाहेर मोटरसायकलला किक मारताना त्याने फोन लावला होता आणि तो कुणाला तरी सांगत होता, "नाय रे, बायकोनं खोललेली गाडी हाय."

तो गेल्यावर इरशादने फाटक लावून घेतलं. मग म्हणाला, "तोंड उघडायची काय गरज होती?"

"तुम्ही खोटं बोलत होता."

"गाडी विकताना खरं कोन बोलतो? मी तिकडं उन्हात मरत होतो. सर्व्हिसच्या पुस्तकात दोन शिक्के मारून ठेवायला काय झालं होतं तुला?"

"शिक्क्याचे पैसे अब्बांच्या औषधाला गेले. तुम्हाला म्हायती हाय."

"म्हायती हाय!" तो म्हणाला. "हातात पाना घेऊन अंगनात बसायची हौस तुझी, आनि नाव अब्बांच्या औषधाचं."

त्यांची मुलगी माहिरा, पेणच्या कॉलेजात जाणारी, आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि बापाला काही बोलणार तोच शाझियाने तिला आत पाठवलं.

आणखी दोघे आले. एकाने बॉनेट उघडून टेप गुंडाळलेल्या वायरी बघितल्या आणि बॉनेट खाली करून वाट धरली. दुसऱ्याने निम्मा भाव सांगितला. शेवटी इरशादने गाडी वडखळला जगनकडे न्यायचं ठरवलं. नाक्याच्या अलीकडे जगनचा जुन्या गाड्यांचा तळ आहे. शाझियालाही बरोबर घेतलं, कारण पंखा कधी लावायचा ते इरशादला अजून कळत नव्हतं.

जगन गाडीखाली झोपला, उठला, दाराखालचा रंग नखाने खरवडला. "इंजिन बरं हाय," म्हणाला. "पन घरगुती काम हाय सगळं."

"चालतेय ना नीट?" इरशाद म्हणाला.

"चालतेय. पन उद्या मी कुनाला तरी इकनार. तो मला इचारनार, हे कुनी केलं? चांगलं केलंय का वाईट, हे सगळं खोलल्याशिवाय मला तरी कसं कळनार? गिऱ्हाईकाला शंका आली की भाव गेला, मग इंजिन सोन्याचं असू दे." त्याने कपड्याने हात पुसले. "कुनी केलंय हे?"

शाझियाने इरशादकडे बघितलं. या वेळी ती बोलणार नव्हती. त्यानेच काय ते सांगावं.

"वडलांनी," इरशाद म्हणाला. "आमचे अब्बा. त्यांना नाद होता. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाय. आता वारले."

जगनचा चेहरा बदलला. "असं होय. म्हातारी मानसं जिवापाड करतात गाडीचं. तेच म्हनलं, बोल्टला टेप लावली तरी थेंबभरच गळतंय. जुना हात हाय." आणि त्याने आधी सांगितलेल्या आकड्यावर थोडे वाढवले. बाकीचं आपण बघून घेऊ, पुस्तकाचंही बघू, असं म्हणून त्याने किल्ली मागितली.

किल्ली शाझियाच्या पर्समध्ये होती. ती तिने काढून दिली. आपण बोललो तर नवराही खोटा पडेल आणि मेलेला सासराही, हे तिला दिसत होतं. सईदभाईंवर तिचा जीव होता. त्यांच्या नावाला दोन पैसे जास्त मिळाले, याचा तिला राग करता येईना. राग कुणाचा करायचा हेच कळेना.

इथे ते थांबलं असतं तरी चाललं असतं. पण जगनकडे चाललेली गोष्ट इरशादला घरीही चालवावीशी वाटली. नवी गाडी आली तसे पाहुणे आले, जुनीचा विषय निघाला, आणि तो सांगू लागला: अब्बांनीच टिकवली होती, आजारी असून खाली झोपायचे. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग त्याला ते सांगताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं. नात्यातल्या बायका मान हलवत. शेजारची गोदूबाई, जिने काम करताना गाडीखाली अडकलेल्या शाझियाला एकदा ओढून बाहेर काढलं होतं, तीसुद्धा म्हणाली, "व्हय गो, म्हातारा बसलेला असायचा खरा गाडीपाशी."

अब्बांच्या बरसीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने, मुआजने, आजोबांची आठवण म्हणून काहीतरी मागितलं. इरशादने आतून पान्यांची पेटी आणायला सांगितली. शाझियाने ती आणली. त्यातला एकेक पाना तिने पेणच्या बाजारातून, लागेल तसा घेतला होता. तिने प्रत्येक पाना फडक्याने पुसला, कारण तेलाचे डाग मुआजच्या शर्टाला लागले असते, आणि पेटी त्याच्याकडे दिली. मुआजने ती कपाळाला लावली.

माहिराला राहवलं नाही. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "अम्मी, तू गप का बसलीस?"

"काय सांगू? आजोबाला पाना धरता येत नव्हता, असं सांगू?"

"ते खरं हाय ना?"

"खरं सांगून झालंय एकदा," शाझिया म्हणाली आणि कपबशा आत नेल्या.

नवी गाडी इरशादच चालवतो. घेताना शोरूमच्या माणसाने बजावलं होतं, बॉनेटच्या आत कशालाही हात लावायचा नाही, नाहीतर वॉरंटी जाईल. इरशादने मागे वळून "ऐकलंस?" विचारलं होतं आणि तिथले सगळे हसले होते. पहिल्या सर्व्हिसला दोघं पेणला गेली तेव्हा ती काचेच्या खोलीत, सोफ्यावर, गार हवेत बसली. समोर बिस्किटं ठेवली होती.

परवा पेणहून येत होते. वडखळ मागे पडलं आणि डाव्या चाकातून बारीक, घासल्यासारखा आवाज येऊ लागला. थांबे, पुन्हा येई. शाझियाने पाय आखडून घेतले, कान दिला. इरशादने रेडिओ कमी केला.

"आवाज येतोय का गो कसला?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाय," म्हणाली.

त्याने रेडिओ पुन्हा मोठा केला.