मी दिलेली साक्ष

कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात दत्तूभाऊ डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावत होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कारखान्यातल्या प्रेसखाली गेली, तेव्हा सुपरवायझर म्हणून मी शेजारीच होतो. यंत्राची संरक्षक जाळी आठवडाभर तुटलेली होती, हे मला ठाऊक होतं.

"वकील केलाय का?" मी विचारलं.

"कशाला? तुम्ही बघितलंय ना सगळं."

आत मी साक्ष दिली, जाळी यांनीच काढली होती. भरपाईचा अर्ज फेटाळला गेला.

नोकरीसाठी खोटं बोललो, अशी मनाची समजूत घालता येते. पण त्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. "दत्तूभाऊ, माझ्या भरवशावर राहू नका," एवढं म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं.