दामूभाऊंचं मिटलेलं तोंड

मंडळी, ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसायचे इमोजी टाकलेत, हे पहिलं मान्य करतो. मागे कुणीतरी चिंचेखालच्या बाईचा अनुभव लिहिला होता ना... तिचा आवाज काढून व्हॉइस नोट फिरवली होती कुणीतरी. तो मीच. सॉरी. भूत, भानामती, भगत... आपला कशावरच विश्वास नाही. नव्हता. अजूनही नाही म्हणा, पण मग हे जे झालं ते काय होतं ते कुणीतरी सांगा. आणि प्लीज, ह्याच्यावर हसू नका. दुसऱ्यांवर हसून झाल्यावर हे म्हणणं शोभत नाही, माहितीये. तरी.

मी नीलेश, डहाणूचा. स्टेशनवरून बाजाराकडे येताना माझा छोटासा गाळा आहे, पेंटिंगचा. डहाणूचा पेंटर म्हटलं की बाहेरची माणसं लगेच वारली चित्र मागतात. ते आपलं काम नाही, ज्यांचं आहे ते भारी काढतात. मी नंबरप्लेट रंगवतो, दुकानांच्या पाट्या, अच्छाडच्या चेकनाक्यावर जाऊन ट्रकच्या मागे मालकाच्या पोरांची नावं... आणि गेलेल्या माणसांची ऑइल पोर्ट्रेट. फोटो द्या, हार घालायला आजोबा घेऊन जा.

माझा दुसरा धंदा नकलांचा. शाळेत हेडसरांची काढून मार खाल्ला, तेव्हापासून सुटलोच नाही. गणपतीत, हळदीत, कुठेही गेलो की लोक माइक हातात देतात. आणि सगळ्यात हिट आयटम कुठला, तर दामू कंडक्टर.

दामूभाऊ आमच्या डहाणू–तलासरी एसटीवर कंडक्टर होते. आशागड, चारोटी, दापचरी, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी तिकीट फाडून दिलंय. मी काय करायचो, तोंड डावीकडे ओढायचं, मिशी वर चढवायची आणि नाकातून ओरडायचं, "पुढं सरका, पुढं सरका! मागं काय कोंबड्या बसवायच्यात?" पब्लिक आडवं पडायचं.

तर २०१७ सालची गोष्ट. दुपारी दुकानात एक मुलगी आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पर्समधून आयकार्ड काढून टेबलावर ठेवलं. दामूभाऊ! मागच्या वर्षी ड्युटीवरून घरी आले, छातीत दुखलं आणि गेले, एवढं ऐकून होतो. ही त्यांची मुलगी, मनीषा. आई लहानपणीच गेलेली, आत्या घरी असायची, बाकी सगळं पप्पाच.

"दादा, हा एवढा एकच फोटो बरा आहे," ती म्हणाली. "माझं लग्न आहे पुढच्या महिन्यात. मांडवात खुर्चीवर पप्पांना ठेवायचंय. आम्ही दोघं पाया पडणार. पण असे रागावलेले नकोत. हसरे काढाल?"

फोटोत दामूभाऊ कॅमेऱ्याकडे असे बघत होते, जसं काय तो विदाउट तिकीट आहे.

"ताई, फोटो न्या तुम्ही परत," मी म्हणालो. "दामूभाऊ मला पाठ आहेत."

पाठ. असं म्हणालो मी.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑइलमध्ये कोऱ्या कॅनव्हासवर डायरेक्ट रंग लावत नाहीत. आधी कापड चौकटीवर ताणून ठोकायचं, सरस द्यायचा, वर पांढऱ्या प्रायमरचे हात मारायचे, वाळलं की घासून गुळगुळीत करायचं. मग एकच रंग घ्यायचा, बर्न्ट अंबर, काळ्या चहासारखा तपकिरी. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्या एकाच रंगात अख्खा चेहरा बसवायचा. जिथे उजेड पाहिजे तिथे चिंधीने पुसायचं. ह्याला अंडरपेंटिंग म्हणतात. ते वाळलं की त्याच्यावर खरे रंग चढतात, आणि खाली काय होतं ते कुणाला दिसत नाही.

ह्यात माझी एक स्पेशल ट्रिक आहे. ईझलला मी दाढीचा आरसा बांधून ठेवलाय. आयकार्डच्या फोटोत माणूस जिवंतपणीच मेलेला दिसतो. म्हणून मी आरशात बघून आधी त्या माणसाची नक्कल करतो. गाल कुठे ओढला जातो, डोळ्याखाली कुठे सुरकुती पडते, ते माझ्याच तोंडावर बघायचं आणि अंडरपेंटिंगमध्ये उतरवायचं. लोक म्हणतात, नील्याचे फोटो बोलतात!

त्या दिवशी कॅनव्हास तयार करून मी आरशासमोर उभा राहिलो. शेजारचा कल्पेश, त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे, तो चहा घेऊन आला.

"कोण आहे?"

"ओळख," म्हटलं आणि तोंड डावीकडे ओढलं. "पुढं सरका, पुढं सरका..."

"अरे दामू!" त्याचा चहा सांडला. "एक वार अजून, नील्या, एक वार!"

झालं, मला चेव चढला. एका हातात ब्रश, आरशात दामू कंडक्टर, बाजूला कल्पेश पोट धरून. म्हटलं, हसरा चेहरा नंतर वरच्या रंगात करू, खाली आपला हिट आयटम राहू दे. वाकडं तोंड, वर चढलेली मिशी, मोठाले डोळे. आयुष्यात एवढं जिवंत अंडरपेंटिंग मी केलं नव्हतं. कल्पेश म्हणाला, "आता ह्याने फक्त कोंबड्यांचं बोलायचं बाकी आहे." शटर ओढलं, घरी गेलो.

सकाळी शटर वर केलं... आणि कॅनव्हासवर तोंड मिटलेलं होतं.

म्हणजे दामूभाऊच होते. पण वाकडं तोंड नाही. ओठ बंद, मिशी खाली उतरलेली, नजर जमिनीकडे. एखाद्याला चार लोकांत काहीतरी बोलावं आणि त्याने ऐकलंच नाही असं दाखवावं, तसा चेहरा.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते कल्पेशचं.

"चल ना, कबूल कर."

"आईशपथ नील्या, मला दुकानाचा हिशोब नीट लिहिता येत नाही, तोंड काय काढू मी?"

हे खरं होतं. चावी माझ्याकडेच असते. आणि काम बघाल तर माझ्याहून चांगलं होतं, डहाणूत असा कोण बसलाय? मी स्वच्छ चिंधी घेऊन ओठांवर घासली. रात्री कुणी रंग लावला असता तर थोडा तरी चिकटला असता. चिंधी कोरी. पातळ अंबर लवकर वाळतो, ते मला माहितीये. पण माझं वाकडं तोंड कुठे गेलं? ते पुसल्याचा एक डाग नाही, खाली एक रेघ नाही.

मी हट्टाला पेटलो. संध्याकाळी परत तेच वाकडं तोंड काढलं, ह्या वेळी जाड हाताने. कल्पेशने मोबाईलवर फोटो काढला. शटरला माझं कुलूप, त्याच्यावर कल्पेशचं कुलूप, त्याची चावी त्याच्या खिशात. सकाळी दोघांनी मिळून उघडलं.

तोंड मिटलेलं.

कल्पेशने मोबाईल काढून कॅनव्हासच्या बाजूला धरला. फोटोत वाकडं तोंड, कॅनव्हासवर मिटलेलं. फोटो झूम करून त्याने मिशी बघितली, मग कॅनव्हासवरची. मग हळूच म्हणाला, "नील्या... ह्याने आपलं सगळं ऐकलं रे," आणि आपलं दुकान उघडायला निघून गेला.

फोटो आहे अजून. मागू नका, टाकणार नाही.

त्याच दुपारी मनीषा आली. तिचं यायचं ठरलं नव्हतं खरं तर, पत्रिका छापायला बाजारात आली होती, म्हणून डोकावली. मी पटकन कॅनव्हासवर फडका टाकला.

"ताई, अजून काहीच नाही झालं. नुसता एक रंग आहे, बघू नका."

"असू दे ना," म्हणत तिने फडका उचलला.

मला वाटलं आता शिव्या पडणार. ती खाली स्टुलावर बसली.

"दादा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हे असं बसणं. ड्युटीवरून आले की ओट्यावर असेच बसायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत." तिची नजर चित्रावरच होती. "ते कोंबड्यांचं कुणीतरी काढलं होतं ना, तेव्हापासून. लोक गाडीत चढता चढता त्यांनाच ऐकवायचे. पोरं तर ऐकवायचीच, मोठी माणसंसुद्धा. पप्पा मला विचारायचे, मनू, मी कधी असं बोललो का गं? मी म्हणायची, नाही पप्पा. मग म्हणायचे, बोललो असेन, उगाच कशाला लोक म्हणतील."

मंडळी, ते वाक्य माझं होतं. दामूभाऊ कधीच तसं बोलले नव्हते. एका हळदीत मला हशा कमी पडत होता म्हणून मी ते जोडलं होतं. आणि त्या माणसाला शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं की ते त्याचंच आहे.

मी ब्रश धुवायला लागलो. धुतलेलाच ब्रश.

"तुम्हीच ना ते?" ती म्हणाली.

"...हो."

"मला माहीत होतं. म्हणूनच तुमच्याकडे आले." तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पप्पांचा आवाज नाहीये माझ्याकडे. मोबाईलमध्ये एक व्हिडिओ नाही. सगळे म्हणतात तुम्ही हुबेहूब काढता. मी कधी ऐकलंच नाही. एकदा काढा ना. कोंबड्यांचं नको. नुसतं... मनू, जेवलीस का, एवढं म्हणा."

मी आजवर हजार लोकांसमोर तोंड वाकडं केलंय. त्या दिवशी मी आधी आरशाकडे पाठ केली. तिने डोळे मिटले. मी घसा साफ केला आणि काढला आवाज. माझा बेस्ट आवाज, शपथ.

"मनू, जेवलीस का?"

 तिने डोळे उघडून मान हलवली.

"नाही. असे नव्हते बोलत ते."

बस. एवढंच. जाताना म्हणाली, "हसरे जमतात का बघा दादा. नाहीच जमलं तर असेच द्या. पण हसरे असते तर... मी जाणार ना आता घरातून."

त्यानंतर मी रोज आरशासमोर उभा राहिलो. नक्कल नाही, खरंच आठवत होतो, दामूभाऊ हसायचे कसे. आणि मला आठवेना! एवढी वर्षं त्या गाडीतून फिरलो, त्या माणसाला एवढं टक लावून पाहिलं, पण ते फक्त नकलेसाठी माल शोधायला. हसताना कधी पाहिलंच नाही. अंदाजाने ओठ काढायची हिंमत झाली नाही. एकदा अंदाजाने वाक्य जोडून झालं होतं.

लग्नाच्या दिवशी तसंच तपकिरी चित्र, मिटलेल्या तोंडाचं, चादरीत गुंडाळून तलासरीला घेऊन गेलो. गावाबाहेरच्या पाड्यात मांडव होता. मी आत्याच्या हातात दिलं आणि सटकणार होतो. पण खुर्चीवर ठेवलं की पंख्याच्या वाऱ्याने कॅनव्हास पुढे झुकायचा.

"ए पोरा, मागून धर जरा," आत्या म्हणाल्या. "पडला तर अपशकुन नको."

म्हणून मी खुर्चीमागे उकिडवा बसलो, दोन्ही हातांनी चौकट धरून. माझ्यासमोर नुसतं मागचं कापड आणि मीच ठोकलेले खिळे. दोघं आली, वाकली. मनीषाने मान वर केली आणि तिथेच थांबली. मला वाटलं आता रडेल. रडत होतीच, पण... ती हसत होती. समोर बघून, एखाद्याच्या हसण्याला हसतात ना, तशी.

"बघ गं," आत्या बाजूच्या बाईला म्हणाल्या, "कसा हसतोय माझा भाऊ. असाच हसायचा, खालचा ओठ चावून."

दुसरी बाई म्हणाली, "रंग नाही दिला तरी किती गोड उतरलाय."

मला फक्त उठून पुढे यायचं होतं. दोन पावलं. नाही आलो. हार घालून झाल्यावर तिच्या मामेभावाला चौकट धरायला दिली आणि मागच्या मागे मांडवाबाहेर पडलो. जेवलो पण नाही. रात्री तिचा मेसेज आला, थँक यू दादा, हसवलंत पप्पांना. मी हात जोडलेला इमोजी पाठवला. त्या ओठांना मी नंतर ब्रशसुद्धा लावला नव्हता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

दोन वर्षं झाली. कल्पेश म्हणतो ओलसर हवेने रंग सरकला असेल. सरकून मिशी खाली येते? आणि मग चित्र ओठ चावून हसतं? कुणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा. दामूभाऊंची नक्कल मी बंद केली, पण लोक अजून करतात, माझ्याकडूनच शिकलेले.

तुम्ही म्हणाल, चित्र आत्याच्या घरात भिंतीवर आहे, जाऊन बघ की एकदा. मनीषाने पण दोनदा बोलावलं. अच्छाडला कामाला जाताना गाडी तिथूनच जाते. मी खिडकीशी बसलेला असतो आणि ते घर आलं की मोबाईलमध्ये बघतो.

तिच्यासाठी हसले असतील हो ते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि तोंड परत मिटलेलं दिसलं, तर?