रेखाच्या पुस्तकातलं सोनेरी

रेखाचा फोन आला, "माझं पुस्तक निघतंय. लातूरला कार्यक्रम हाय. येतीस का?" मी लगेच गाडीची चावी शोधायला लागले. रेखा म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, मुखेडला प्राथमिक शिक्षिका. तिचं हे पहिलंच पुस्तक, आईवर लिहिलेलं. काकू काविळीनं गेल्या, तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात मी डबा घेऊन जायचे. म्हणून जायचंच होतं. म्हटलं, दोन दिवस काढू, लातूर बघू, खरोशाची लेणी करू, ब्लॉगलाही मजकूर मिळेल.

रेखा आदल्या दिवशी माझ्याकडे नांदेडला आली. सकाळी लवकर निघालो. लोह्यापर्यंत रस्ता झकास आहे. पुढे अहमदपूरपर्यंत अधूनमधून काम चालू होतं, पण स्वतःची गाडी असेल तर लातूरपर्यंत तीन तास धरून चला. एसटीही भरपूर आहेत. अहमदपूरला स्टँडजवळ गरम भजी आणि चहा घेतला. भजी तिखट होती, चहा पाकासारखा. रेखाचं कशातच लक्ष नव्हतं.

"प्रूफं बघितलीस ना नीट?" मी विचारलं.

"प्रकाशक पाठवतो म्हनले आन् थेट कार्यक्रमाची पत्रिकाच आली. पर माझं टाइप केलेलंच दिलंय की. त्यात काय चुकणार?"

लातुरात पोचल्यावर गंजगोलाईत चक्कर मारली. गोल बाजार, चहूबाजूंनी फुटणारे रस्ते. गाडी लांब लावा आणि पायी फिरा. तिथेच एका हॉटेलात सुशीला खाल्ला. चुरमुऱ्यांचा हा प्रकार मुंबई-पुण्याकडच्यांनी आवर्जून मागवावा, वरून शेंगदाण्याचं कूट जास्त घ्या. लॉज स्टँडमागे, दोघींना बाराशे, खोली स्वच्छ.

कार्यक्रम दुपारी होता. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. रेखानं जांभळी इरकल नेसली होती. प्रकाशकांनी कागद सोडून पुस्तक वर धरलं, टाळ्या झाल्या, आणि तिला एक उतारा वाचायला सांगितला. तिनं दवाखान्याचा भाग काढला. तो मी तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकला होता: 'आईच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखं पिवळं झालं होतं. ती माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे.'

ती वाचत गेली. "आईच्या नेत्रांत सोनेरी आभा..." आणि थांबली. पानावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. सभागृहाला वाटलं, लेकीला भरून आलं. टाळ्या वाजल्या. ती पुढे वाचूच शकली नाही, खुर्चीत येऊन बसली आणि पानं उलटायला लागली. मीही शेजारून बघत होते. दवाखान्याच्या पोपडे आलेल्या पिवळ्या भिंती सोनेरी झाल्या होत्या. काकूंची पिवळीजर्द नखं सोनेरी. शेवटी नेसवलेलं हळदीच्या रंगाचं पातळ म्हणजे 'सुवर्णवस्त्र'. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात नेमकं ते नेत्रांचंच वाक्य उचललं. म्हणाले, "मरणालाही सोन्याचा वर्ख लावणारी ही लेखणी!"

चहापानाच्या वेळी रेखानं प्रकाशकांना गाठलं.

"सर, हे सोनेरी कुणी केलं?"

"भाषा जरा उजळली, मॅडम. प्रत्येक पानावर पिवळं, पिवळं... वाचकाला आजारी वाटतं ते."

"ती आजारीच होती सर."

प्रकाशक हसले. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी उपकारच केले होते. "आता छापून झालंय. पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणाले आणि वडा घ्यायचा आग्रह करायला लागले.

खरोसा राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा म्हणाली, "घरी सोड मला." त्यामुळे लेण्यांची माहिती या पोस्टमध्ये मिळणार नाही. परतताना अहमदपूरच्या अलीकडेच शिरूर ताजबंदला वळलो आणि तिथून मुखेडला गेलो. रस्त्याला खड्डे आहेत, घाई करू नका. वाटेत रेखा एवढंच बोलली, "नानाला पुस्तक दाखवायचं न्हाई. प्रती यायला वेळ लागून राहिला म्हनून सांगते."

नाना म्हणजे तिचे वडील. आम्ही पोचलो तेव्हा ते ओट्यावर मोबाईल घेऊन बसले होते. प्रकाशकांनी ते सोनेरी नेत्रांचं वाक्य चकचकीत चित्रावर छापून सगळीकडे पाठवलं होतं. फिरत फिरत ते आमच्या आधी मुखेडला पोचलं होतं.

"सकाळधरनं हेच वाचून राहिलो," नाना म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "शेवटी शेवटी म्या तिच्या डोळ्याकडं बघतच नव्हतो, पोरी. लई भ्या वाटायचं. पिवळंच दिसायचं मला. तुला सोनेरी दिसलं. बरं झालं, कुनाला तरी दिसलं."

रेखानं माझ्याकडे पाहिलं.

"वाच की पुढचं," नाना म्हणाले.

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. जसं छापलं होतं तसंच. सोनेरी भिंती, सोनेरी नखं. नाना डोळे मिटून मान हलवत होते. मी चहा न घेताच निघाले.

या सहलीचे मावळतीचे फोटो माझ्याकडे आहेत, टाकत नाही. त्यांच्याखाली काय लिहायचं ते सुचत नाही. मागच्या आठवड्यात रेखाचा फोन आला. पहिली आवृत्ती संपली, आता तुमचे शब्द परत घालू, असं प्रकाशक स्वतःहून म्हणाले.

"मग?"

"मी म्हनले, राहू द्या. नाना रोज वाचून घेतेत."

मग तिनं विचारलं, "तू यायचीस डबा घेऊन. आईचे डोळे कसे होते?"

"पिवळे," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.