फोनवरचं इंजेक्शन

अनसूया सातवी पास. १९८४ साली ती भिवंडीतल्या कामतघरच्या एका खासगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. हळूहळू डॉक्टरीणबाईंनी तिला ब्लडप्रेशर बघायला, सुई टोचायला शिकवलं आणि पांढरी साडी दिली. पेशंट सिस्टर म्हणू लागले. तिला ते आवडायचं.

मग बाईंनी ठाण्यात दुसरा दवाखाना काढला. भिवंडीत त्या सकाळी तासभर यायच्या. उरलेला दिवस अनसूया आणि टेलिफोन.

एकदा फोनवरच्या सांगण्यावरून तिने कमळ नावाच्या पेशंटला कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं. मूल मेलेलं जन्मलं. "असं होतंच कधी कधी," बाई म्हणाल्या आणि केसपेपरवरची इंजेक्शनची वेळ त्यांनी बदलली. त्यानंतर अनसूयेला सुई नकोशी झाली. "मला आयाचंच काम द्या," ती दोनदा म्हणाली. बाई हसल्या. "अगं, शिकलेल्या नर्सना येत नाही एवढं तुला येतं."

१९८९च्या ऑगस्टमधल्या एका दुपारी सालेहा आली. पहिलं बाळंतपण सिझरने झालेलं. कळा एकाएकी थांबल्या होत्या, आणि पोटाला नळी लावली तर बाळाचे ठोके मंद. ठाण्याची लाईन लागायलाच पाऊण तास गेला.

"बाई, तुम्ही या. सिझरवाली आहे, कळा थांबल्यात, ठोके मंद आहेत."

"मी ऑपरेशनला चाललेय. इंजेक्शन दे, संध्याकाळी बघते."

"नाही देणार."

"काय म्हणालीस?"

"ते माझं काम नाही, बाई. मी तिला सरकारी इस्पितळात नेते."

"नेलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

अनसूयेचा नवरा तुळशीराम दम्याने वर्षभर घरी बसून होता. घर तिच्या पगारावर चालायचं. तिने फोन ठेवला. सालेहाचा नवरा हारून बाहेर उभा होता.

"सिस्टर, तुमीच करा ना. अख्खी आळी सांगते, तुमचा हात चांगला हाय."

"मी सिस्टर नाही, हारूनभाई. मी आया आहे."

तो तिच्या साडीकडे बघतच राहिला. "मग इतके दिवस आमाला काय सांगत होता?"

अनसूयेने रिक्षा थांबवली आणि सालेहाला आत बसवलं.

धामणकर नाक्यावर सुताच्या ट्रकांमागे रिक्षा अडकली. हारून खाली उतरून ट्रकांवर हात आपटत ओरडत होता. आत सालेहाची नखं अनसूयेच्या मनगटात रुतली होती. 

इस्पितळात कळलं, गर्भपिशवी फाटली होती. ती काढून टाकावी लागली, तेव्हा सालेहा वाचली. मुलगी दोन दिवस जगली.

"तासभर आधी आणायचं होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. हारूनने तोंड फिरवलं.

अनसूयेची नोकरी गेली. दुसऱ्या दवाखान्यांत विचारायचे, "सुई येते का?" ती म्हणायची, "येते, पण देणार नाही." कुणी ठेवलं नाही. "तुझा हा हट्ट खाऊन जगायचं का आपण?" तुळशीराम खोकत विचारायचा. शेवटी ती टेमघरच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरू लागली.

वर्षभराने सालेहा तिला शोधत तिथे आली. लूमच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "हारून तुमचं नाव काढू देत न्हाय. पण मी जिती हाय, एवढं सांगायला आले."

अनसूयेने तिचा हात धरला.  मुकादमाने हाक मारली तेव्हा तिने डोळे पुसले आणि पुढची कांडी लावली.