जलतज्ज्ञ नसल्याचा कागद

कमरुद्दीनचाचांनी पाटकरी म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. पाटाच्या कडेने चालायचं, पाटातून फुटणाऱ्या चारीची दारं उघडायची-लावायची, खाचा पाडलेली काठी पाण्यात उभी धरायची आणि वहीत लिहायचं : तारीख, वेळ, ठिकाण, पाणी किती खाचा, समक्ष पाहिले. आकडा नसलेली नोंद साहेब तोंडावर फेकत. एवढ्या वर्षांत चाचांना कुणी मत विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण त्यांच्याकडे ते नव्हतं. घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा जहिराचाचीच ठरवत.

निवडणूक आली. एक उमेदवार सभेसभेत सांगू लागले की यंदा उन्हाळ्याचं पाणी चारीच्या टोकापर्यंत पोचलं. चाचांचं गाव नेमकं त्या टोकाला, आणि तिथे धूळ होती; निवृत्तीनंतरही चाचा रोज सकाळी सातला ती पाहून येत. आठ दिवसांनी पाण्याचं दुसरं आवर्तन सुटायचं होतं. ‘पोचलं’ हेच खरं ठरलं असतं तर पाणी अडवणारी वरची दारं होती तशीच राहिली असती आणि टोकाच्या लिंबाच्या बागा उभ्या वाळल्या असत्या.

नगरच्या एका केबल चॅनेलवर यावर चर्चा ठेवली होती. बोलवलेले प्राध्यापक ऐनवेळी आले नाहीत. तेव्हा निवेदिका धनश्रीने कुणाच्या तरी सांगण्यावरून चाचांना गाडी पाठवली. चाचा मुलीच्या लग्नातला कोट घालून गेले, “टोकाला पाणी आलं नाही” एवढं एक वाक्य बोलले आणि उरलेला वेळ घाम पुसत बसले.

घरी येऊन मोबाईलवर पाहतात तो नावाखाली पट्टी : ‘जलतज्ज्ञ’.

त्याच वेळी फोन करून “बाई, हे चुकलंय” म्हणायला हवं होतं. चाचांनी फोन केला, पण केडगावच्या जावयाला, “पाहिलं का?” म्हणून. दुसऱ्या दिवशी खिशाला पेन लावून ते चहाच्या टपरीवर गेले.

“तज्ज्ञ, वाटीभर पाणी वाया घालवलंत,” चाचांनी पेल्यातलं उरलेलं ओतून दिलं तेव्हा चाची भांडी घासताना म्हणाल्या. “मोजून सांगा, किती खाचा?”

चौथ्या दिवशी उमेदवाराच्या प्रचार कार्यालयाचं पत्र चॅनेलला गेलं. तुमचा पाहुणा सातवी पास आहे. त्याला कायमचा बंद करून माफी मागा, नाहीतर आमचा एकही माणूस तुमच्या चर्चेला येणार नाही. धनश्रीचा फोन आला.

“काका, तुमच्याकडे एखादं सर्टिफिकेट आहे का? वरून फार दबाव आहे.”

चाचांनी ट्रंक उपसली. एक सर्टिफिकेट निघालं. खात्याच्या क्रीडादिनी पोत्याच्या शर्यतीत दुसरा क्रमांक. ते त्यांनी परत घडी घालून ठेवलं.

संध्याकाळी प्रचारातला हनुमंत मोटरसायकलवर आला. शेजारच्याच गावचा, लहानपणापासून ओळखीचा.

“चाचा, भांडायला न्हाई आलो. तुमी तज्ज्ञ हाय का?”

“न्हाई रे बाबा.”

“मग तेवढंच लिहून द्या. तुमची बी सुटका, आमची बी.”

चाचांना हायसं वाटलं. कागद मागितला की द्यायचा, हीच त्यांची आयुष्यभराची शूरता. तज्ज्ञपणाबरोबर पाण्याचं वाक्यही जाणार, बागा जाणार, हे कळत होतं. पण नाही म्हणायला लागणारं काहीतरी त्यांच्यात कधी बसवलेलंच नव्हतं. हनुमंत फोनवर बोलत अंगणात फिरत होता. चाचांनी पेन काढलं. ‘मी जलतज्ज्ञ नाही,’ असं लिहिलं. सही करायला गेले तर हात अडला. नोंद अर्धी वाटली. मग हात आपोआप चालला : तारीख आजची, वेळ सकाळी सात, ठिकाण चारीचं टोक, पाणी शून्य खाचा, समक्ष पाहिले. कमरुद्दीन, पाटकरी, निवृत्त.

हनुमंतने पहिली ओळ वाचली, कानाचा फोन काढून फोटो घेतला आणि तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर टाकला.

लोकांनी मात्र कागद शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टपरीवर ‘शून्य खाचा’ याखेरीज दुसरा विषय नव्हता. कागद खोटा म्हणावा, तर प्रचार कार्यालयानेच तो वाटलेला. दोन दिवसांनी पाटबंधाऱ्याची जीप टोकाला आली. साहेब कोरड्या चारीत उतरले, बुटावरची धूळ झटकली आणि वरची दारं तपासायला गेले.

“मुद्दामच लिवलं मी,” चाचा टपरीवर सांगू लागले. चाचींनी ते ऐकलं, पण चारचौघांत काही बोलल्या नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

धनश्रीने पुन्हा बोलावलं. कोट तोच. या वेळी पट्टी होती : ‘कमरुद्दीन, जलतज्ज्ञ नाहीत.’

“काका, निवडणूक कोण जिंकेल?” तिने शेवटी विचारलं.

चाचांनी बराच विचार केला.

“अजून पाहिलं नाही,” ते म्हणाले.